शेवटच्या माणसाला एक नंबर

आई, आज मला एक नंबरची चिठ्ठी मिळाली. तिचा अर्थ तुला सांगायला नको. मतदानाची वेळ संपताना जे रांगेत उभे असतील त्यांना चिठ्ठ्या द्यायच्या आणि त्या शेपटाकडून वाटत पुढं यायचं. शेवटच्या माणसाला एक नंबर, म्हणजे त्याच्या मागं कुणी येऊन उभं राहू शकत नाही. हे मला तूच शिकवलंस. केंद्राध्यक्षाची ड्यूटी लागली की आदल्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात पाटावर बसून कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापायचीस, एकेकीवर सही करायचीस आणि मध्येच हात लांबवून तव्यावरची भाकरी उलटायचीस. पीठ लागलेली चिठ्ठीसुद्धा टाकून देत नव्हतीस, फुंकर मारून ठेवायचीस.

महापालिकेची निवडणूक इतक्या वर्षांनी आली की मी तिची रीतच विसरले होते. केंद्र कुठं, हे मी शोधलंही नाही. तू शिकवायचीस ती शाळा, आणखी कुठं? लोकसभेला, विधानसभेला मी तिथंच मत देत आले. वेळही तीच धरली, सहापर्यंत. दुपारी निवांत आवरलं, तुझं चावीचं घड्याळ हातात घातलं आणि पाचला तुझ्या शाळेच्या फाटकाशी पोचले. बाहेर जरा लांब टेबल टाकून बसलेल्या बाईनं यादीवरून बोट फिरवलं. मग मोबाईलवर माझ्या ओळखपत्राचा नंबर टाकला. "मावशी, तुमचं नाव इथं नाय. प्रभाग बदललेत ना यावेळी. हे बघा, छावणीच्या अलीकडची शाळा, खोली तीन. आन् साडेपाचला बंद व्हतंय बरं का."

"सहाला ना?"

"ते विधानसभेला. आता पळा."

रिक्षात बसले तेव्हा पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती. क्रांती चौकात सगळं अडलेलं. मी घड्याळाकडं बघत होते आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडं. "पाँच साल वो लीडर लोगां नई दिखते, खाला. तुम पाँच मिनट लेट हुए तो क्या हुआ?" मला हसू आलं नाही. म्हटलं, "नई चलता, भैया. मेरी माँ ने दो मिनट के वास्ते मुझे वापस भेजा था." त्यानं आरशातून परत एकदा पाहिलं आणि रिक्षा गल्लीत घातली.

त्या गल्लीतून धक्के खात जाताना मला कितीतरी वर्षांपूर्वीचं ते ऊन जसंच्या तसं दिसतं. माझं पहिलंच मत आहे. बायकांना शक्यतो घराजवळ ड्यूटी देतात, म्हणून तू आपल्याच शाळेत बसलेली आहेस. मी पोचते तेव्हा शेपटाकडून चिठ्ठ्या वाटत तू पुढं निघालेली असतेस. मी हाक मारते. कॉन्व्हेंटात मला उशीर झाला की फाटकातल्या सिस्टरपुढं तूच हात जोडायचीस, "लहान हाय, घ्या आत". त्यामुळं माझी खात्रीच आहे. तू हातातल्या चिठ्ठ्यांवरून नजर उचलत नाहीस. "वेळ संपली, बाई." परकीला म्हणावं तसं मला बाई म्हणतेस. मी सांगते, सायकल पंक्चर झाली. "बरं. घरी जाऊन भात टाक." रांगेतली माणसं हसतात. ते हसणं मी तुला कितीतरी वर्षं माफ केलं नाही.

आठवड्यानं तू आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातावर बांधलंस. खुलताबादची तुझी बोली शाळेबाहेर अशाच वेळी तोंडात यायची. "सायकल काय, कवाबी पंक्चर व्हती. तुझा काय कसूर? पर घड्याळ असलं म्हंजी पायी तरी वेळेवर निघता येतं." त्यानंतर दोन वर्षं तू शाळेत दुसऱ्यांना वेळ विचारत तास घेतलेस. मला सगळं ठाऊक होतं. मी घड्याळ परत केलं नाही.

आज पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मी फाटकातून आत शिरले. रांग व्हरांड्यापर्यंत होती आणि तिच्या टोकाला मी. रिक्षातून उतरून पळताना चप्पल निघाली होती, ती हातातच होती. साडेपाच झाले तसं पोलिसानं फाटक ओढून घेतलं. एक तरुण अधिकारी मुलगी चिठ्ठ्या घेऊन सरळ माझ्याकडं आली. "मावशी, तुम्ही शेवटच्या. एक नंबर." ती पुढं निघणार तोच फाटकावर कॉलेजातली असावी अशी एक पोर धापा टाकत आली. "मॅडम, क्रांती चौकात अडकले हो. दोनच मिनिटं." अधिकारी मुलीनं वर पाहिलं नाही. "अडकली असशील गं. पण आता नाही." मी दोन हातांवर होते, म्हणून मला दिसलं. तिनं वर न बघता हातातल्या चिठ्ठ्या सारख्या केल्या, परत सारख्या केल्या, आणि वाटायच्या सोडून तशीच उभी राहिली. ती पोर निघून गेल्यावरच पुढं सरकली. इतकी वर्षं मी तुझी न उचललेली नजर तेवढी लक्षात ठेवली. तुझ्या हातांकडं पाहिलंच नव्हतं.

प्रभागातल्या चार जागांची चार मतं होती, चार बटणं दाबली. शाईचं बोट घेऊन घरी आले, चहा टाकला आणि हे लिहायला बसले. लिहून झालं की ते तुझ्या घड्याळाच्या डबीत घडी करून ठेवेन. दुसरीकडं कुठं पाठवणार?

आई, त्या दिवशी सायकल पंक्चर झाली नव्हती. मी क्रांती चौकात मैत्रिणीबरोबर उसाचा रस पीत बसले होते. ती म्हणालीही, चल, उशीर होतोय. मी म्हटलं, केंद्रावर आई आहे, घेईल आत. आणि दुसरा ग्लास मागवला.