जेलच्या तळाची पट्टी

३ फेब्रुवारी १९९८, बंगलोर
हे काय आहे! जेलमधून आरएनए सरकवून घेतलेली एक्स-रे फिल्म पुन्हा पुन्हा उजेडासमोर धरली. विषाणूची लागण झालेल्या पेशींच्या आरएनएत, अगदी तळाशी, एक काळी पट्टी — ठसठशीत! शेजारी निरोगी पेशी, तिथे काहीच नाही. तळाशी म्हणजे सगळ्यांत लहान; इतका इवलासा आरएनए? विषाणू घुसला म्हणून पेशी भलतंच काही बनवायला लागली की काय?

४ फेब्रुवारी
सूर्यकांत सरांना दाखवली. माझे गाइड, पण काय माणूस! "शलाका, तो कचरा आहे. तुटका आरएनए. काप आणि टाक." म्हटलं, सर, एका कृमीत असा इवला आरएनए सापडलाय. "कृमीतलं कृमीत राहू दे. मार्चपर्यंत धड रिझल्ट नाही, तर पीएचडी विसर." विसर? इतकी वर्षं घासली ती? रडूच फुटलं, तेही त्यांच्यासमोर.

११ फेब्रुवारी
पुन्हा केलं. पट्टी आहे!!

१९ फेब्रुवारी
संपलं. पट्टी निरोगी पेशींतही आली. पुण्याहून आणलेल्या ताज्या पेशी संपल्या, म्हणून या वेळी लॅबच्या रोजच्या फ्लास्कमधल्या घेतल्या, एवढाच फरक. सर हसले. "बघ, कचरा सगळीकडे असतो." जेवणाचा डबा न उघडताच घरी परत आणला.

२३ फेब्रुवारी
गुरुराज माझ्याबरोबरच पीएचडी करतो. इथल्याच येलहंक्याचा, घरी मराठी, पण निम्मी कन्नड. म्हणाला, "स्वल्प थांब, अक्का. त्या पेशी निरोगी आहेत कशावरून?" मी खवळलेच त्याच्यावर. मग दोघांनी तपासल्या. विषाणू आहे! बाई गं!

कसा आला? डोकं चालेना. मग आमचं सोवळं आठवलं. परदेशी सीरम मिळता मिळत नाही, म्हणून पेशींचं खाणं एकाच बाटलीतून. सरांचा नियम — आधी निरोगी पेशींना, मग लागणवाल्यांना. रोज पाळतो. आणि लागणवाल्यांना पाजून झालेली तीच बाटली फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा आधी निरोगी पेशींना! एवढी शिकलेली माणसं, एकालाही कळू नये? पेशी मरत नव्हत्या, म्हणून कुणी बघितलंच नाही.

म्हणजे माझी पट्टी खरी! उद्या सरांना चांगलं सुनावते.

२४ फेब्रुवारी
सरांनी सगळं ऐकून घेतलं. फिल्म स्वतः उजेडासमोर धरली. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. माझा गेल्या वर्षीचा पेपर याच फ्लास्कमधल्या ‘निरोगी’ पेशींवर उभा आहे. मागे घ्यावा लागेल. जर्नलला पत्र टाइप करून देशील?"