निघतो म्हणता म्हणता भरती

ता. ५ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत, फक्त अडकलो आहोत. या बेटाच्या पोटात एक खारं तळं लपलंय. चहूकडे उभे कडे, वर गोल आभाळ आणि आत शिरायला एकच गुहा, तीही ओहोटीपुरती उघडी. होडीत उताणं झोपून जावं लागतं. छताला चिकटलेले शिंपले नाकाशी येतात. आतलं हिरवं पाणी पाहून ही तर रडलीच.

आत एक दंतवैद्य, त्यांची बायको आणि सासूबाई भेटल्या. फार गोड माणसं. होडी एका वेळी एकाच कुटुंबाला नेते, म्हणून निघताना त्यांचा निरोप घेतला. आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे: निघतो म्हटल्यावर खऱ्या गप्पा सुरू होतात. त्यांचंही तसंच निघालं. बोलता बोलता भरती आली, गुहा बुडाली. तेव्हापासून प्रत्येक ओहोटीला हेच चाललंय. नावाडी डबे आणतो, पत्रं नेतो. तुझ्या ऑपरेशनला मात्र नक्की पोहोचतो.

तुझ्या लोभातला,
धाकटा

ता. ७ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या भावाला भरतीची वेळ कळत नाही, हे मी शिवणाच्या क्लासात कुणालाही सांगितलेलं नाही.

बारा तारखेला सकाळी माझं पित्ताशय काढणार, खड्यांसकट. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. त्यांना काय, पोट माझं आहे. भूल दिलेला माणूस उठलाच नाही तर, एवढंच डोक्यात फिरतं. तू नसलास तर मी सरळ घरी परत येईन. तोंडाला कुलूप लाव आणि होडीत बस.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

ता. ९ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुलूप लावलं. तर सासूबाईंनी विचारलं, आमचं काही चुकलं का? चुकलं नाही हे पटवेपर्यंत भरती. पुढच्या खेपेला खरं कारण सांगितलं. मग सगळ्यांनी तुझी चौकशी केली. दंतवैद्यांनी वाळूत पित्ताशय काढून दाखवलं. ते हुबेहूब दाढेसारखं दिसतंय, असं त्यांची बायको म्हणाली आणि वाद पेटला. भरती.

शेवटी आज दुपारी ते तिघं झोपलेले असताना चपला हातात घेऊन निघालो. नावाड्याचे डोळे भरून आले होते. ताई, जन्मात पहिल्यांदा कुणाला न सांगता निघालो. चोरासारखं वाटतंय. पत्र आजच्या बोटीने पुढे पाठवतोय; आम्हाला जागा उद्याची मिळाली. अकराला रात्री घरी पोहोचू.

ओशाळलेला,
धाकटा

ता. ११ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मला आजच दाखल व्हायला सांगितलंय, म्हणून हे पत्र किल्लीबरोबर शेजारी ठेवतेय. जेवण फ्रिजमध्ये आहे. गरम करून खा, उभ्याउभ्या खाऊ नका.

आत नेतात ते दार मी परवाच पाहून आले. ढकललं की आपोआप मिटतं. नातेवाइकांनी अलीकडेच थांबायचं. नर्सबाई म्हणाल्या, तिथे नुसता हात हलवायचा, मिनिटभरात उरकतं. मी म्हटलं, माझा भाऊ आला की उरकत नाही; डॉक्टरांना तोवर चहा घेऊ द्या.

दारापाशी मला भीती वाटेल. तेव्हा एखादा लांबलचक विषय काढ. अर्धवट राहिला तरी चालेल. उरलेला ऐकायला मी बाहेर येईन.

वाट पाहणारी,
ताई