चातुर्मास पाळणारं घड्याळ

आर्नहेम,
२१ नोव्हेंबर २०२१

प्रिय दादा,

तुला आणि मीनलवहिनीला नमस्कार. दोघे बरे असाल असं धरून चालते. विचारलं तरी तू ‘एकदम मजेत’ म्हणणार, आणि हल्ली तुझं ‘एकदम मजेत’ मला तपासून घ्यावंसं वाटतं.

घड्याळ ऑक्टोबरात सुखरूप पोचलं. तुझ्या मेहुण्यानं, ऋषभनं, ते जिन्याजवळ उभं केलंय. शेजारच्या डच आजी विचारत होत्या, पुण्याच्या घरात हे माणसाएवढं अमेरिकन घड्याळ कुठून आलं? त्यांना सांगितलं, नगरच्या मिशन शाळेतल्या अमेरिकन बाईंना आमचे आजोबा मराठी शिकवायचे. बाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा आपल्या माहेरचं हे घड्याळ आजोबांना देऊन गेल्या. आतली चाकं लाकडाची, त्यामुळे पावसाळ्यात फुगतात आणि घड्याळ बंद पडतं. आई म्हणायची, “बसलं बाई चातुर्मासाला!” मग दसऱ्याला हळदकुंकू वाहून लंबकाला हात लावायची.

इथेही आल्या आल्या ते बसलंच. बाहेर सारखी रिपरिप, घरात ओल. नोव्हेंबरात हीटिंग लावलं, लाकूड सुकलं, आणि परवा मी लंबक हलवला. तीच लंगडी टिकटिक, एक ठोका लांब, एक आखूड. वल्लरी टाळ्या पिटायला लागली. मी मात्र तिथेच पायरीवर बसले.

कारण ही टिकटिक मी गेल्या वर्षी ऐन श्रावणात ऐकली होती. आईच्या व्हॉइस मेसेजमध्ये.

तेव्हा मला नववा लागला होता. बाळंतपणाला येणारी आई विमानं बंद झाली म्हणून तिकडेच अडकली, आणि मग तिच्या फोनचा कॅमेराही बिघडला म्हणालास. त्यानंतर तू फक्त तिचा आवाज पाठवायचास. “जेवले गं मी. तू वेळेवर जेव.” परवा सगळे मेसेज पुन्हा ऐकले. एकातही श्रावणाचं नाव नाही, उपासाचं नाव नाही. आई आणि उपासाबद्दल गप्प! मागे घड्याळ मात्र चाललंय.

फोनवर तुला विचारलं, तर म्हणालास, “अगं, त्या मे महिन्यात पितळी चाकं बसवून घेतली होती, म्हणून चालत होतं.” त्या मेमध्ये तुम्हाला भाजी मिळायची मारामार, आणि तुला घड्याळजी बरा सापडला! काल आम्ही दार उघडून आत टॉर्च मारला. एकूण एक चाक लाकडाचं आहे, दादा.

श्रावणात आई होती का रे?

वल्लरीचं बारसं झालं आणि दुसऱ्याच दिवशी आई गेल्याचा तुझा फोन आला. तेव्हा रडण्यात काही सुचलं नाही. पण मरण असं बारसं उरकेपर्यंत थांबतं का? आणि नाव आईनं सुचवलंय, असं तूच टाइप केलं होतंस. तिच्या तोंडून ‘वल्लरी’ मी कधीच ऐकलं नाही.

तू हे माझ्या जिवासाठी केलंस, एवढं मला कळतं. कदाचित आईनंच तुला बजावलं असेल. तरी तुझा भयंकर राग येतोय, आणि तितकंच वाईटही वाटतंय. तिला एकट्यानं पोचवून येऊन तू मला हसरे चेहरे पाठवत होतास.

यंदा तू सांगितलेल्या तिथीला मी खीर-वडे केले, बाल्कनीत पान ठेवलं. कावळे समोरच्या छपरावर बसून राहिले, एकानंही चोच लावली नाही. ऋषभ म्हणाला, “डच कावळे आहेत, त्यांना काय कळतंय!” मी हसलेसुद्धा होते.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र. उत्तरात खुलासे नकोत, माफी नको. फक्त आईची खरी तिथी कळव.

आईला अजून जेवू न घातलेली,
तुझी वसू