अनलूझन

प्रिय गणराज,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तू हल्ली काम करतोस त्या चिखलीच्या वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवतेय. रागानं फाडणार असशील तर आधी त्या शब्दाचं तेवढं वाच.

‘अनलूझन’ हा शब्द चुकीचा नाही, बरं का. इंग्रजीत तो पाचशे वर्षांपासून आहे आणि त्याचा अर्थ सैल करणं असाच होतो. आधी ‘अन’ लावल्यानं अर्थ उलटत नाही, शब्द नुसता वजनदार होतो. तिकडचेही काही शहाणे त्यावर नाक मुरडतात म्हणे. आपले प्रॉडक्शनचे मारुतराव फिजूल खर्चाला ‘बेफिजूल खर्च’ म्हणतात ना, तसंच. हे सापडलं तेव्हा वाटलं, चला, आपलं इंग्रजीतलं एम.ए. वाया गेलं नाही.

पण नुसतं ‘लूझन’ लिहिलं असतं तर माझं काय जाणार होतं? परदेशी साहेब आपल्या महाळुंग्याच्या कारखान्यात येणार होते. सूचनांचा कागद भारदस्त दिसावा म्हणून मी तो शब्द घातला: प्रेसचा साचा (डाय) बदलण्याआधी सहाही बोल्ट अनलूझन करा. दुसऱ्या कुणी कागदाकडे न बघता बोल्ट सैल केले असते. पण अख्ख्या शॉपमध्ये कागद वाचून काम करणारा फिटर तू एकटाच! पान्याला पाईप लावून असे आवळलेस की दोन बोल्टांची डोकी तुटून हातात आली. प्रेस दोन दिवस बंद. चौकशीत तू अगदी शांतपणे म्हणालास, “लूझन म्हंजे सैल. मग अन लावल्यावर घट्टच की, साहेब!” चौकशीचे साहेब हसू दाबायला खोकले. मीही हसले. तुला घरी बसवल्यावर मात्र कुणालाच हसू आलं नाही.

कॅन्टीनमध्ये तुझ्या खुर्चीवर हल्ली क्वालिटीचा रणजीत बसतो. तुझ्यासारखा ठेचा आणत नाही, आणि स्वतःच्या नव्या गाडीचं ॲव्हरेज रोज सांगतो.

आता जे सांगायला पत्र लिहिलं, ते. बोल्टांना हात लावण्याआधी तू मला फोन केला होतास. “अंजली, हे अनलूझन म्हंजे सैल का घट्ट?” मी घाईत होते. म्हणाले, “डोकं चालवू नकोस, लिहिलंय तेवढं कर.” चौकशीत मी हे सांगितलं नाही. आता तू सांगशील म्हणून खाली मान घालून बसले होते. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि त्या फोनचा विषयच काढला नाहीस. दीड महिना मला धड जेवण गेलेलं नाही. काल मारुतरावांना सगळं लेखी दिलं. मला मेमो मिळाला, तुला सोमवारी बोलावणं येईल. ते कंपनीकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. परत यायचं की नाही, ते तू ठरव. पण रविवारी अकरा वाजता मी वर्कशॉपवर येतेय, माफी समोर उभं राहून मागायला. हाकलायचं असेल तर खुशाल हाकल, फक्त साध्या मराठीत हाकल.

तुझीच,
अंजली