माझं लग्न कोणी ठरवलं

६ फेब्रु. ८९, सोम.
स्टँडजवळच्या दवाखान्यात जाऊन आले. पांढरी साडी, केस घट्ट, नखं कापलेली. मॅडमनी सर्टिफिकेट उलटंसुलटं पाहिलं. "नर्सिंग असिस्टंट. म्हणजे नर्स नाही."
नाही, नर्सच्या हाताखालची.
"म्हणजे आया."
आया नाही. ताप, नाडी, स्पंज, बेडपॅन, नळी असलेला पेशंट हलवणं, हे सगळं करते. इंजेक्शन देत नाही. बाईंना कळलं सगळं, पण कळू द्यायचं नव्हतं. आडनाव विचारलं. मग गाव. मग हळूच, "म्हणजे तुम्ही कोणापैकी?" बौद्ध, म्हटलं. मान हलवली. "कळवतो."
कळवतो म्हणजे काय, ते आता पाठ झालंय.

९ फेब्रु., गुरु.
शैला आली. कोर्सला माझ्या शेजारी बसायची, चार्ट माझा बघून भरायची. तिला नोकरी लागली! बाळंतपणाच्या दवाखान्यात. म्हणे, "आमच्याकडे अजून एक जागा आहे मंगल, मी शब्द टाकते." एवढा पुळका कशाचा? चहा पिताना एकदा पण नजर मिळवली नाही.
आबांना स्पंज करताना सांगितलं. माझं सगळं त्यांनाच सांगून होतं. "जाय ना बेटा," म्हणाले, "चांगलंच शे." दोन वर्षं झाली बापाला खाटेवर. लाइनमन माणूस, खांबावरून पडला, कमरेखाली काही राहिलं नाही. पण पडून राहून पाठीला झालेली एक जखम दाखवा कोणी. वर्गात शिकले त्यापेक्षा जास्त या खाटेशी शिकले मी.

१५ फेब्रु., बुध.
शै.च्या डॉक्टरांना भेटले. चांगला माणूस दिसतो. "सोमवारपासून या." बस, एवढंच. आडनावसुद्धा विचारलं नाही. येताना भजी घेतली सगळ्यांना.
एवढं सरळ कसं झालं?

२१ फेब्रु., मंगळ.
झालंच नाही सरळ. काल गेले तर डॉक्टर म्हणतात, "दुसरी बाई ठेवली. तुमचं काय, तुमचं चांगलंच झालंय." काय चांगलं झालंय? हसले नुसते. शै. तिथेच उभी होती, कात्र्या उकळत. उकळत्या पाण्यात काय बघायचं असतं एवढं?
पाणी कुठेतरी मुरतंय.

२५ फेब्रु., शनि.
शै.ला रस्त्यात गाठलं. आधी टाळाटाळ. मग म्हणाली, "तुझं लग्न ठरलंय म्हणे. डॉक्टरांना कोणीतरी सांगितलं. दोन महिन्यांत जाणारी बाई कोण ठेवील?"
माझं लग्न. कोणाशी, ते तरी कळू द्या मला.
तूच सांगितलंस, म्हटलं. तुला मी तिथे नको होते. माझ्या चार्टवर पास झालीस हे मी बोलेन म्हणून. भर रस्त्यात बोलले. ती रडत गेली. तेव्हा वाटलं, नाटक करते. आता लिहिताना तेवढी खात्री नाही. पण मग कोण?

२७ फेब्रु., सोम.
वहिनी. हे आधी कसं सुचलं नाही? भाऊ सकाळच्या गाडीने वरणगावला फॅक्टरीत, येतो तो दिवेलागणीला. घरात दिवसभर मी, वहिनी, आबा. मी गेले की आबांचं सगळं हिच्या गळ्यात. डोक्यावरचा पदर सांभाळत दारातून ताट सरकवते, सासऱ्याच्या खाटेला कधी हात लागला नाही तिचा. हल्ली गोडही फार वागते. काल भरीत केलं तर मला आधी वाढलं.
सरळ विचारलं, वहिनी, माझं लग्न कुठे ठरलं?
"कोठे ठरनं? माले ते कोनी सांगंच नही," म्हणाली आणि खरोखर वाईट वाटून घेतलं, की आपल्याला वगळून ठरवलं. माहेर एरंडोलचं; तिकडची माणसं साधी असतात म्हणतात. मी नाही मानत.

४ मार्च, शनि.
हाडांच्या दवाखान्यात जागा आहे. या वेळी ओठ शिवले. शै.शी बोलणं बंदच आहे, वहिनीला पत्ता नाही, भावालाही नाही. मैत्रिणीकडे जाते म्हणून गेले. प्लास्टरमधल्या म्हातारीची चादर तिला न उठवता बदलून दाखवली. म्हातारी म्हणाली, हिलाच ठेवा. गुरुवारी या, म्हणाले.
फक्त आबांना सांगितलं, पाठीला पावडर लावताना. खूश झाले.

९ मार्च, गुरु.
"लग्नानंतर या." तिथेही.
शै.ला माहीत नव्हतं. वहिनीला नाही. भावाला नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं मी

१२ मार्च, रवि.
गोविंदा कंपाउंडर आबांची लघवीची नळी बदलायला आला. पंधरा दिवसांनी येतो, नळी बदलतो, आबांशी तंबाखू मळत गप्पा मारतो. जळगावातल्या निम्म्या दवाखान्यांत त्याचं जाणं-येणं. कोणाला बाई हवी, कोणती बाई कशी, सगळे त्यालाच विचारतात. दारात चपला घालताना म्हणाला, "काय मंगलताई, पेढे कधी? आबांनी केव्हाच सांगितलं मला. मी म्हटलं, डॉक्टर लोकांची फसगत नको, कानावर घालून ठेवलेलं बरं."
त्याच्यावर संशय घ्यायचा खूप प्रयत्न केला. त्या तोंडावर काही टिकत नाही.

आबांपुढे जाऊन उभी राहिले. विचारायचीही गरज पडली नाही.
"सांगं. मीच सांगं."
का?
"तू गयी ते माले कोन देखी? सूनना हात लागू देऊ आंगले? शरम वाटस माले."
मग तोंडावर 'जाय ना बेटा' कशाला म्हणायचं?
"मनमा ते बी व्हतं."
ओरडले मी. आजारी माणसावर कधी ओरडू नये, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. वहिनी चुलीपाशी तशीच बसून राहिली.
स्टँडजवळच्या मॅडमनाही सांगितलंत का? नाही म्हणाले. गोविंदा तिकडे जातच नाही. म्हणजे तिथलं कारण वेगळं, आणि ते मला ठाऊकच आहे. सगळं आबांच्या अंगावर घालून मोकळं होता येत नाही.

१४ मार्च, मंगळ.
काल दुपारी आबांची कूस बदलली नाही. दोन-दोन तासांनी बदलली नाही तर जखमा होतात. विसरले नाही. घड्याळ दिसत होतं. ओट्यावर बसून तांदूळ निवडत राहिले. त्यांनीही हाक मारली नाही. भाऊ आल्यावर त्याने वळवलं. आज पाठ-खुबे बघितले, काही नाही. बरं वाटलं, आणि स्वतःची शिसारी आली.

१६ मार्च, गुरु.
शै.चा निरोप, तिच्या भावाबरोबर. धुळ्याला तिच्या मावशीच्या ओळखीचं मोठं हॉस्पिटल आहे, असिस्टंट हव्यात, राहायला खोली देतात. स्वतः आली नाही.
मी तिला एवढं बोलले, तरी सांगते. का? मला जळगावातून घालवायला? असा विचार आला खरा. आला तो आला, लिहून ठेवते. माफी मागायला जायला हवं, पाय निघत नाही.

१८ मार्च, शनि.
धुळ्याला जाऊन आले. मेट्रन जाडजूड, आवाज मोठा. पेशंट असलेल्या खाटेवर चादर घालायला लावली, बघत उभी राहिली. लग्नाचं विचारलंच नाही. आडनाव विचारलं, लिहून घेतलं, बस. "सोमवारी सामान घेऊन या." तिने पुढे काही विचारलं नाही याचाही संशय आला. सवयच लागलीय.
मी नसताना आज वहिनीने आबांना वळवलं. मी तिला दोन दिवस उशीवर शिकवलं होतं, मग भावाला झोपवून त्याच्यावर. "मामंजी, हात लावू का?" असं विचारून लावला म्हणे. आबांनी डोळे मिटून घेतले. दोघं कशी लाजली असतील. पण झालं.
रात्री घरात सांगितलं, सोमवारी जाते. भाऊ म्हणाला, सकाळ-संध्याकाळ मी बघतो, दिवसा ही बघेल. वहिनीने मान हलवली.

१९ मार्च, रवि.
डाव्या खुब्यावर लाल डाग. रुपयाएवढा.
दोन वर्षांत पहिला. माझ्या त्या सोमवारचा असता तर मंगळवारीच दिसला असता. तेव्हा पाठ-खुबे सगळं स्वच्छ होतं, मी स्वतः पाहिलं. म्हणजे कालचा. वहिनीला विचारलं. शपथ घेऊन सांगते, दोनदा उजवीकडे वळवलं, उशी लावली. खोटं बोलत असेल, लाज वाटून वळवलंच नसेल. पण आबाही म्हणतात, "हां, वळवं तिनी."
खाटेच्या दांड्याला दोर बांधलाय. हातांच्या जोरावर ते स्वतःला अर्धे फिरवू शकतात. लाइनमनचे हात. ती निघून गेल्यावर परत डाव्या कुशीवर येऊन तसेच पडून राहायचं म्हटलं, मला थांबवायला, तर कोण बघतंय?
बापाबद्दल असं मनात येतं माझ्या.
डागावर बोट दाबलं. पांढरा झाला, मग परत लाल. म्हणजे कातडी अजून वाचेल, जर नीट वळवलं तर. आबा त्या वेळी माझ्या तोंडाकडे बघत होते. तिथे दाबलेलं त्यांना कळत नाही. काय आहे, एवढंसुद्धा विचारलं नाही त्यांनी.
वहिनीला डाग दाखवला, बोट कसं दाबायचं तेही. ट्रंक दाराशी आहे. धुळ्याची गाडी सकाळी. उठल्यावर आधी दाबून बघणार.