मंगळवारच्या केसेस

७ डिसें., रवि.
उपासनेनंतर वॉर्डाचे उमेदवार भैयाजी चर्चमधे आले. "जीत गया तो तात्यापारा का वो गर्भपात वाला नर्सिंग होम पहले महीने में बंद!" टाळ्या. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीची सगळी मतं या एकाच मुद्द्यावर. आमचे हे, मनोहर, चर्चचे एल्डर, म्हणजे पंच. पहिला हात यांचाच वर. मागून माझाही.
मी तिथंच नर्स. डिलिव्हरी करते. पाडायच्या केसेसले हात लावणार नाही, हे डॉक्टर नीलिमा मॅडमले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाप आहे, आजही मानते. पण नोकरी...
घरी येता येता यांनी विचारलं, "त्या केसेस कोणत्या दिवशी असतात?"
"मंगळवारी. काहून?"
"असंच."

९ डिसें., मंगळ.
जसं झालं तसं लिहिते.
अकराले बारा-पंधरा पोट्टे आत घुसले. लोखंडी रॉड. "हत्यारिन कहाँ है?" काउंटरची काच फोडली. म्हाताऱ्या वॉचमनच्या पोटात लाथा. रक्त ओकला बिचारा.
आत टेबलवर तारा. बावीस वर्षांची, पुरानी बस्तीची. बाळ पोटातच मेलेलं, चार दिवसांचा ताप. पाडायची केस नव्हतीच, म्हणून मी मॅडमच्या हाताखाली. दार कडीसकट आत आलं. मॅडमनं हात आडवा धरला, रॉड मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.
ओरडली मी, "बच्चा मरा हुआ है भैया, माँ मर जाएगी!" एकानं केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. तारा टेबलवर तशीच, पाय वर अडकवलेले, खाली रक्ताचं थारोळं. एका पोट्ट्यानं पाहिलं अन् तिथंच उलटी केली. मग पळाले सगळे.
पळता पळता कोणीतरी बोललं, "मंगल बोला था, बराबर बोला था।"

१० डिसें., बुध.
सात टाके. मॅडमच्या हाताचं ऑपरेशन. तारा मोठ्या दवाखान्यात, आयसीयूत.
यांले सरळ विचारलं, "तुम्ही सांगितलं?"
हे म्हणाले, "भैयाजींच्या माणसानं विचारलं. मले वाटलं, दाराशी धरणं देतील. तुले सुट्टी घे म्हणणार होतो, पण तू लवकर निघाली."
"धरणं होतं तर मले सुट्टी काहून?"
मी हातातला स्टीलचा गिलास फेकून मारला. यांची भुवई फाटली. रक्त पाहून मले बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

१२ डिसें., शुक्र.
तारा सकाळी गेली.
तिची सासू दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटली. रडत नव्हती. "दीदी, मेरी बहू तो बच्चा चाहती थी।" एवढंच.
संध्याकाळी पाळकसाहेब घरी. "मारहाण चूकच, सिस्टर. पण मुद्दा तोच राहतो. जन्माले न आलेल्या लेकरांसाठी बोलणारा दुसरा उमेदवार दाखवा."
"अन् तारासाठी कोण बोलते?"
डोळे मिटून प्रार्थना केली त्यांनी. मी आमेन म्हटलं नाही. पण पोटातल्या लेकरांचा त्यांचा मुद्दा खोटा आहे, असंही म्हणता येत नाही मले. तिथंच अडकली.

१५ डिसें., सोम. मतदान.
बटणासमोर किती वेळ उभी होती कोण जाणे. मागून आवाज, "जल्दी करो मैडम।" दाबलं. कोणतं, ते इथंही लिहीत नाही.
चारले ठाण्याचे साहेब जबाब घ्यायले येणार होते. फोनवर एकच प्रश्न विचारला होता: "अंदर की खबर किसने दी?"
हे समोर खुर्चीवर. भुवईवर पट्टी, बोटाले शाई. म्हणाले, "तू नको सांगू. मी सांगतो."
"आधी हे सांगा, आज मत कोणाले दिलं?"
बोटाकडे पाहत राहिले.
"सांगा ना."
"मुद्दा..." म्हणाले अन् थांबले.
खाली जीप थांबली. हे उठले. मीही उठली, यांच्या अन् दाराच्या मधे. "साहेबांले सांगालच, पहिले मले सांगा."