परतीचं कारण

निर्मळ,
१८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. स्वप्ना हीस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सकाळीच फोनवर बोललो, आता पत्र कसलं, असं म्हणशील. अगं, फोन दादाच्या हातात, स्पीकर चालू, सरलावहिनी स्वयंपाकघरातून मध्येच मळमळ थांबली का विचारते, आणि तिकडून तू सगळ्यांना बरं आहे, बरं आहे म्हणत सुटतेस. मिरजेला नर्सिंगच्या होस्टेलवर होतीस तेव्हापासून तुझं खरं काय ते मला पत्रातच कळतं. तेव्हा कंटाळा न करता लिही.

शुक्रवारी मी आणि दादा मुंबईला जाऊन व्हिसाचे कागद देऊन आलो. तुझं आमंत्रण, सिद्धेशरावांच्या नोकरीचा दाखला, तुझे डॉक्टरांचे कागद, सगळं लावलं. खिडकीतली मुलगी गोड बोलत होती, पण नजर कागदावरून हलवत नव्हती. आयर्लंडला जायचं म्हणजे सहा-आठ आठवडे लागतील म्हणाली. तुझे दिवस डिसेंबरात भरतात, म्हणजे वेळेत येईन.

सोबतचा विनंती अर्ज दादानं लिहिला. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेला तुझा मामा. निर्मळपासून भुईगावपर्यंत कोणाला निराधार पेन्शन हवी, कोणाला विजेचा खांब हलवायचा, सगळे अजून त्याच्याच ओटीवर येतात. आपण लिहिलेला अर्ज वाचून साहेबाच्या डोळ्यांत पाणी येतं, असं तो स्वतःच सांगतो. माझ्याबद्दल असं काही लिहिलंय की मलाच माझी कीव आली. विधवा, नावावर जमीन नाही, उत्पन्न नाही, भावाच्या आश्रयाला राहते, एकुलती मुलगी हाच आधार, तिच्यावाचून दुसरं कोणी नाही. इंग्रजीही त्यानंच केलं, डिक्शनरी मांडीवर घेऊन. सरलावहिनी म्हणाली की वन्सं, आम्ही मग कोण? मी तिला समजावलं, अर्ज असाच लिहायचा असतो बाई, दया आल्याशिवाय सरकारचा शिक्का उठत नाही.

डिंक निवडून ठेवलाय, अळीव आणलेत. वाडीतल्या मोगऱ्याचा हंगाम सरला, आता सोनटक्का काढते. माझ्यामागे तुळशीची आणि फुलांची तोड कोण बघणार, म्हणून वहिनीला आतापासून शिकवतेय. ती देठच ठेवत नाही, बाजारात दर कसा मिळायचा!

पाय वर करून बसत जा. जावयांना आशीर्वाद सांग. माया आहेच, ती पोटातल्यापर्यंत पोहोचो.

तुझी,
आई

*

डब्लिन,
८ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. वॉर्डात बारा तास उभी राहून आले होते, कोट न काढता जिन्यातच वाचलं. खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. मी खूप दमलेय, आई. पाय सुजतात. सिद्धेश जमेल तेवढं करतो, भाजी करपवतो, मग दोघं हसतो. पण या घरात बाळ येणार आणि आम्हा दोघांपैकी एकालाही तान्ह्या बाळाची आंघोळ धड येत नाही. मी नर्स असून हे सांगतेय, हसू नकोस.

मागच्या शनिवारी माझ्या वॉर्डातल्या सगळ्याजणी बेलफास्टला गेल्या. इथून बसनं दोन तास, वाटेत कुणी अडवतही नाही. पण ते इंग्लंडच्या राज्यात येतं, आणि माझ्या पासपोर्टला त्याचा वेगळा व्हिसा लागतो. त्यांना हे ऐकूनही माहीत नव्हतं. एक म्हणाली, अगं नुसतं जेवायला तर जायचंय. पाच वर्षं मी त्यांच्या आईवडिलांची सेवा करतेय. त्यांच्याबरोबर जेवायला जायचं तर मला फॉर्म भरायचा. मी अंग दुखतंय सांगून घरी बसले.

आता मुख्य गोष्ट. मामाच्या अर्जाचं मी दोनदा वाचलं. तो मला आधी दाखवला असतात तर! अगं, तिथे दया बघत नाहीत. तो कागद वाचणारा माणूस एकच शोधतो, की ही बाई परत का जाईल. आणि आपण पानभर लिहून दिलं की हिला परत जायला काहीच नाही. मामाला हे सांगू नकोस. कदाचित ते पान कोणी वाचणारही नाही.

फुलांबद्दल, वाडीबद्दल त्यात एक ओळ तरी आहे का?

मामा-मामींना नमस्कार. तुझा हात पाठीवर असल्यासारखा वाटू दे.

तुझी,
स्वप्ना

*

निर्मळ,
९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. स्वप्नास,
अ. उ. आ.

फोनवर तुला सांगितलं तेव्हा मी हसत होते, ते खोटं होतं. पासपोर्ट परत आला आणि त्यात नकाराचं पत्र. मायदेशी परतण्यासाठी पुरेशी बांधिलकी दिसत नाही, असं लिहिलंय. मी आयुष्यात महाबळेश्वरच्या पलीकडे गेले नाही. दोन दिवस आजारी पडले तर फुलांसाठी बाजारातून तीनदा निरोप येतो. आणि मला बांधिलकी नाही!

दादानं ते पत्र वाचलं आणि चष्मा काढून तसाच बसून राहिला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढंच म्हणाला. नंतर जेवायला उठला नाही. तू अपील करायला सांगितलंस, ते त्यानंच केलं, पण या वेळी लिहिताना प्रत्येक वाक्याला मला विचारत होता. त्याचं हे रूप मला बघवत नाही. तो तुला वेगळं लिहितोय, ते याच पाकिटात घालते. मी वाचलेलं नाही.

मला राग कोणाचा करावा तेच कळत नाही. म्हणून बिचाऱ्या वहिनीवर ओरडले. काळजी करू नकोस हे लिहायलाही आता दम उरलेला नाही, तरी लिहिते.

तुझी,
आई

*

(याच पाकिटात)

चि. स्वप्ना हीस सदामामाचे अ. उ. आ.

तुझी आई अर्जाबद्दल मला एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं होतं. गावातल्या शंभर जणांची कामं मी रडगाणं लिहून केली, आणि घरच्या माणसाचं काम त्यानंच नासवलं.

पण मला खुपतंय ते वेगळंच. अर्जात मी लिहिलं की हिच्या नावावर जमीन नाही. ते खोटं नाही. अण्णा, तुझे आजोबा, गेल्यावर मीच हक्कसोडीचा कागद तिच्यापुढे ठेवला होता. आपल्याकडे बहिणी वाडीतला हिस्सा भावाला सोडून देतात, म्हणून मीही गृहीत धरलं. तिनं न वाचता सही केली आणि चहा टाकायला उठली. पुढे तुझे बाबा गेले आणि तुला घेऊन ती इथे आली. तेव्हापासून वीस वर्षं ती वाडी तिच्याच हातानं फुलते आहे, सातबारावर मात्र माझं एकट्याचं नाव. हे माझ्या लक्षात यायला परदेशातला एक साहेब लागला.

आता अर्धी वाडी तिच्या नावावर करतो. तलाठ्याकडे जाऊन आलो, वेळ लागेल म्हणाला. व्हिसाला उपयोग होवो न होवो. तिला सांगितलं तर नको म्हणेल, म्हणून आधी तुला कळवतोय. मामावर रागावली असशील तर रागव, पण तब्येत सांभाळ.

तुझा,
सदामामा

*

डब्लिन,
२ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मामाला सांग, मी रागावले नाही. खरं तर चार दिवस रागावले होते, आता तेवढीही ताकद नाही. आणि मामा जे करतोय ते गुपचूप करू दे, नको म्हणायचं नाही. माझी शपथ आहे.

अपिलाचा निकाल डिसेंबरच्या आत लागणार नाही, असं कळलं. नवीन अर्जालाही तेवढेच आठवडे. म्हणजे तू येत नाहीस. हे वाक्य मी फोनवर म्हणू शकले नाही, म्हणून इथे लिहिते. मला तू हवी होतीस, आई. डिंकाचे लाडू नकोत, दुपटी नकोत. तू नुसती खोलीत बसलेली हवी होतीस.

बस, झालं. रडून झालं. सिद्धेशनं बाळंतपणाची रजा मंजूर करून घेतली आहे, कोणीतरी आहे हे खरं.

तुझी,
स्वप्ना

*

निर्मळ,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. स्वप्नास,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या हातात देणारी बाई ओळखलीस ना? कुंपणापलीकडच्या स्टॅनी परेराची बायको सँड्रा. तिचा भाऊ डब्लिनला आहे हे तुला ठाऊक असेल. नाताळला त्याच्याकडे जायचंच आहे, तर महिनाभर आधी जाऊन स्वप्नाजवळ राहते, असं ती आपणहून म्हणाली. चार दिवसांपूर्वी ठरलं, आज निघाली. व्हिसा नाही, अर्ज नाही, बांधिलकी नाही. तिचे वडील गोव्याचे, पोर्तुगीज राजवटीतला जन्म, म्हणून तिला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, तो आयर्लंडलाही चालतो. त्यासाठी आपला द्यावा लागला, मतदानाला आता जाता येत नाही, परदेशी झालेल्या भारतीयांना मिळतं त्या कार्डावर इथे राहते.

स्टॅनीला मात्र कोणी विचारत नाही. म्हणतो, आडनाव पोर्तुगीज, चर्च पोर्तुगीज, पण चिमाजीअप्पांनी वसई घेतली तीनशे वर्षांपूर्वी, आणि व्हिसाच्या रांगेत उभं राहायची शिक्षा मला. हसलो सगळे. मग तोच म्हणाला, आशाताई, तुम्ही जायला हवं होतं. तेव्हा मला उठून आत जावं लागलं.

खरं सांगते, तू कोणाला सांगू नकोस. सँड्रा मी जाते म्हणाली तेव्हा मी तिला आशीर्वाद द्यायला हवा होता, आणि मला तिचा हेवा वाटला. भयंकर हेवा. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण आणि पायांवर बाळ घेणार शेजारीण. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिला बोलावून लाडू कसे वळायचे, शेक कसा द्यायचा दाखवायला बसले, तर तिला माझ्याइतकंच येतं. तीन पोरं वाढवली आहेत तिनं. शिकवण्यासारखं माझ्याकडे काहीच निघालं नाही.

तिच्याबरोबर लाडू, अळीव आणि माझ्या जुन्या लुगड्यांची दुपटी देते. धुऊन धुऊन मऊ केली आहेत. तिला आई म्हणून वाग, मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी तू मनावर घेऊ नकोस.

सुखरूप सुटका होवो. विमलेश्वरापाशी रोज दिवा लावते.

तुझी,
आई

*

डब्लिन,
५ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी नात तीन आठवड्यांची झाली. व्हिडिओवर रोज बघतेस, पण व्हिडिओत वास येत नाही. तिच्या टाळूला तेलाचा आणि धुरीचा वास येतो, या देशात कुठेच न येणारा.

सँड्राआंटीनं पहिल्या दिवशी पाय पसरून तिला घेतलं तेव्हा मी दारात उभी राहून रडले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, तसंच पाणी घालत राहिल्या, आणि म्हणाल्या की आशानं सांगितलंय कानात तेल घालू नको, म्हणून घालत नाही. तू काही शिकवलं नाहीस म्हणतेस, पण तुझं नाव घेतल्याशिवाय त्यांनी एक गोष्ट केली नाही. नाताळही इथेच काढून परवा त्या भावाकडे गेल्या. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं.

ऋतिका हे नाव कागदावर लागलं. आम्ही इथे पुरेशी वर्षं राहिलो म्हणून तिला जन्मतःच इथलं नागरिकत्व. तिचा पासपोर्ट येईल, लालसर रंगाचा. मला जिथे जिथे फॉर्म भरावा लागला तिथे ही नुसती चालत जाईल. मलाही सगळे घे म्हणतात. पण मग आपला पासपोर्ट परत करायचा, आणि निर्मळला यायला मला परवानगी लागेल. अजून धीर होत नाही.

एप्रिलमध्ये आम्ही येतोय, पाच आठवडे. तिकिटं बघतोय. फक्त एक आहे, आई. ऋतिकाला भारताचा व्हिसा लागेल. अर्जाला बाळाचं छायाचित्र हवं, डोळे उघडे असलेलं. सिद्धेश तासभर टाळ्या वाजवत होता. आणि जिच्याकडे उतरणार त्या व्यक्तीचं पत्र जोडलेलं बरं, असं आमच्यासारख्याच एका मैत्रिणीनं सांगितलं. नातं काय, पत्ता काय, किती दिवस राहणार आणि कधी परत जाणार. ते तुझं हवं. तुझ्या हातचं.

तुझी,
स्वप्ना

*

निर्मळ,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. स्वप्नास आणि चि. ऋतिकास,
अनेक अनेक उत्तम आशीर्वाद.

अपिलाचा निकाल आला, नकारच कायम. दादानं पत्र माझ्या हातात दिलं, मी घडी करून ठेवून दिलं. आता त्याचं काही वाटत नाही. अर्धी वाडी माझ्या नावावर झाली. मी नको म्हणणार होते, तुझी शपथ आठवली. दुसऱ्या दिवशी तीच फुलं काढली.

तू मागितलेलं पत्र सोबत जोडते. मराठीत लिहिलं, शाळेतल्या मास्तरीणबाईंनी इंग्रजी केलं, खाली सही माझी. माझं नाव, निर्मळचा पत्ता, स्वप्ना माझी मुलगी, ऋतिका माझी नात. घर पक्कं आहे, जेवणाखाण्याचा, राहण्याचा भार माझ्यावर. एवढं एका बैठकीत झालं.

पुढची ओळ लिहायला मला दोन दिवस लागले. कागद घ्यायचा, पेन उघडायचं, आणि वहिनीला काहीतरी विचारायला उठायचं. आज सकाळी तोड संपवून आले, हात धुतले आणि लिहून टाकलं, की ऋतिका अठरा मेला परत जाईल, आणि तिला मी इथे ठेवून घेणार नाही.

अजून मी तिला मांडीवर घेतलेलं नाही, स्वप्ना, आणि ती माझ्याजवळ राहणार नाही हे माझ्या सहीनं लिहून देऊन बसले.

लवकर या. तिला इथल्या उन्हाचं टोपडं शिवून ठेवते. जावयांना आशीर्वाद.

वाट बघणारी,
आई